ग्लेंडा जॅक्सन : नटी आणि खासदार



बाई सत्तेवर आली एवढ्यानंच आपण आनंद मानायचा का, हा प्रश्न आपल्या बैठकांत पुन्हापुन्हा निघतो. म्हणून आज एका इंग्लिश अभिनेत्रीबद्दल बोलते.

ग्लेंडा जॅक्सन १९३६ साली बर्कनहेडला जन्मली. वडील गवंडी. आई दुकानात काम करी, लोकांच्या घरची साफसफाईही करी. ग्लेंडानं दोन वर्षं औषधांच्या दुकानात नोकरी केली, मग शिष्यवृत्तीवर नाट्यशिक्षण घेतलं. सिनेमांसाठी दोनदा ऑस्कर मिळालं. घ्यायला ती एकदाही गेली नाही. १९९२ मध्ये अभिनय सोडून ती मजूर पक्षाची खासदार झाली.

एप्रिल २०१३ मध्ये मार्गारेट थॅचर वारल्या. दोनच दिवसांनी संसदेत श्रद्धांजलीची भाषणं चालली असताना ग्लेंडा उठली आणि त्यांच्या धोरणांनी इस्पितळांची, शाळांची काय दशा झाली ते बोलली. समोरून आरडाओरडा झाला. शेवटी ती म्हणाली, त्या पहिल्या महिला पंतप्रधान खऱ्या, पण माझ्या लेखी बाई म्हणजे हे नव्हे. तिच्या डोळ्यांपुढे होत्या तिला वाढवणाऱ्या, युद्धकाळात देश चालवणाऱ्या बायका.

मयताच्या वेळी असं बोलावं का? मला स्वतःला ते जमलं नसतं. पण ती गप्प बसती, तर त्या बायकांची आठवण त्या दिवशी कुणी काढली असती?

२०१५ मध्ये तिनं खासदारकी सोडली. पुढच्याच वर्षी, ८० व्या वर्षी, लंडनच्या ओल्ड व्हिकमध्ये ती किंग लिअर म्हणून उभी राहिली. राणी नाही, राजा! २०२३ मध्ये ती गेली.