गुणवत्तेचे धोरण आणि विद्यापीठांचा प्रतिसाद

उच्च शिक्षणाच्या दर्जाची पारख स्वतंत्र यंत्रणेकडून व्हावी, हा विचार १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून पुढे आला आणि त्याला अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९४ मध्ये राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद स्थापन केली. बंगळूर येथील ही परिषद प्राध्यापकांच्या बोलण्यात केवळ ‘नॅक’ असते. अधिस्वीकृती म्हणजे संस्था ठरलेल्या निकषांना उतरते, असा बाहेरच्या परीक्षकांनी दिलेला निर्वाळा. आरंभी हे मूल्यांकन ऐच्छिक होते. आयोगाच्या २०१२च्या विनियमांनी ते बंधनकारक केले.

बंधनापेक्षाही अधिक परिणाम केला तो श्रेणीशी जोडलेल्या लाभांनी. नॅक संस्थेला चारपैकी गुण देते आणि आयोगाच्या २०१८च्या विनियमांनुसार ३.५१ किंवा त्याहून अधिक गुण मिळवणारे विद्यापीठ पहिल्या वर्गात गणले जाते, तर ३.५० गुणांचे विद्यापीठ दुसऱ्या वर्गात जाते. पहिल्या वर्गातील विद्यापीठ शासनाकडे पैसा न मागता आपल्या विद्याशाखांत नवे अभ्यासक्रम आयोगाच्या परवानगीवाचून सुरू करू शकते. एका शतांश गुणावर एवढे अवलंबून असेल, तर विद्यापीठाची सारी शक्ती त्या शतांशामागे धावू लागते, यात नवल नाही.

विद्यापीठांचा प्रतिसाद म्हणूनच बहुतांशी कागदातून व्यक्त झाला. प्रत्येक संस्थेत अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष उभा राहिला, जो वर्षभराच्या कामाचा गुणवत्ता अहवाल नॅकला सादर करतो. मूल्यांकनापूर्वी सात निकषांवर आधारलेला स्वयंमूल्यमापन अहवाल लिहिला जातो आणि २०१७ पासून त्यातील आकडेवारीला मोठे वजन मिळाल्यामुळे प्रत्येक कार्यक्रमाचा पुरावा, स्थळाची नोंद असलेल्या छायाचित्रासह, जपून ठेवावा लागतो. या शिस्तीचा लाभ झाला, हे मान्य केलेच पाहिजे: विद्यार्थ्यांचा अभिप्राय नियमित घेतला जाऊ लागला, माजी विद्यार्थ्यांच्या नोंदी ठेवल्या जाऊ लागल्या आणि एका विभागाचे काम दुसऱ्याला दिसू लागले. परंतु शिकवण्याचा वेळ शिकवल्याचे पुरावे जमवण्यात जात असेल, तर त्याची किंमत वर्गातला विद्यार्थी मोजतो, आणि ती कोणत्याही अहवालात नोंदली जात नाही.

सर्वांत गंभीर विसंगती शिक्षकांच्या नेमणुकीत आहे. मंजूर पदांच्या तुलनेत पूर्णवेळ शिक्षक किती, हा नॅकच्या मोजमापातला एक घटक आहे. मात्र अनुदानित पदे भरण्याची परवानगी राज्य शासनाच्या हाती असते. महाराष्ट्रात ती वर्षानुवर्षे रेंगाळत राहिली आणि रिक्त जागांवर तासिका तत्त्वावरचे, म्हणजे घेतलेल्या तासांपुरतेच मानधन मिळणारे, अध्यापक काम करत राहिले. या अध्यापकांना पुढच्या सत्रात काम मिळेल की नाही याची शाश्वती नसते, तरीही शिकवण्याचा मोठा भार तेच वाहतात. अशा वेळी शासन एका हाताने गुणवत्तेचा जाब विचारते आणि दुसऱ्या हाताने तिचे मुख्य साधन रोखून धरते. कमी पडलेले गुण मात्र संस्थेच्या नावावर मांडले जातात. विद्यापीठाने ही उणीव छायाचित्रांनी आणि उपक्रमांच्या फायलींनी भरून काढण्याचा प्रयत्न केला, तर त्याचा सगळा दोष विद्यापीठाला देणे अन्यायाचे होईल.

२०२४च्या जानेवारीत परिषदेने अक्षरश्रेणींऐवजी ‘अधिस्वीकृत’ किंवा ‘अधिस्वीकृत नाही’ असा थेट निर्णय आणि त्यापुढे एक ते पाच अशा चढत्या पातळ्या देण्याची सुधारणा जाहीर केली. शतांशाची स्पर्धा त्यामुळे कमी होऊ शकेल. रिकाम्या पदांवर माणूस नेमण्याचे काम मात्र परिषदेचे नाही, ते मंत्रालयातच व्हावे लागेल.