‘दिसत नाही’ आणि ‘नाही’

ईश्वर आहे की नाही, या वादाचा निर्णय करू पाहणाऱ्याला आधी एक दुसराच प्रश्न सोडवावा लागतो. एखादी वस्तू नाही, हे मनुष्याला कळते तरी कसे? भारतीय तर्कशास्त्राने या प्रश्नाचा फार सूक्ष्म विचार केलेला आहे.

न्यायशास्त्रातील उदाहरण साधे आहे. समोरच्या जमिनीवर घट असता, तर तो दिसला असता. उजेड पुरेसा आहे, डोळे धड आहेत, मध्ये आडपडदा नाही. तरीही घट दिसत नाही, म्हणून तो तेथे नाही. हा निष्कर्ष निर्दोष होय. परंतु त्याच जमिनीवर परमाणू दिसत नाहीत, एवढ्यावरून ते नाहीत असे म्हणता येत नाही. कारण ते असते तरी डोळ्यांना दिसले नसते. जी वस्तू दिसण्यास योग्य आहे, तिचेच न दिसणे हे तिच्या अभावाचे प्रमाण ठरते.

मिथिलेचे नैयायिक उदयनाचार्य यांनी दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास ‘न्यायकुसुमांजलि’ हा ग्रंथ ईश्वरसिद्धीसाठीच रचला. ‘ईश्वर दिसत नाही, म्हणून तो नाही’ या आक्षेपास त्यांनी हाच नियम पुढे करून उत्तर दिले. विशेष हे की, प्रतिपक्षालाही हा नियम मान्य होता. बौद्ध आचार्य धर्मकीर्ती हे जगत्कर्त्या ईश्वराचे कडवे टीकाकार. तथापि, जे इंद्रियांच्या कक्षेबाहेर आहे त्याच्या न दिसण्यातून केवळ संशय उत्पन्न होतो, अभावाचा निश्चय होत नाही, असेच त्यांचेही मत होते.

अर्थात एवढ्याने ईश्वर सिद्ध झाला, असे मात्र नव्हे. नैयायिकांचे मुख्य अनुमान असे: घट हे कार्य आहे आणि त्याला कुंभार हा कर्ता आहे, पृथ्वी हेही कार्य आहे, तेव्हा तिलाही बुद्धिमान कर्ता असला पाहिजे. धर्मकीर्तींनी यातील दुबळा दुवा नेमका हेरला. वारूळही मातीचेच असते. म्हणून ते कुंभाराने घडविले, असे कोणी म्हणेल काय? पुढे रामानुजाचार्यांनीही हे अनुमान अमान्य केले. कुंभार देहधारी व अल्पज्ञ असतो; त्याच्या दृष्टांतावरून देहरहित, सर्वज्ञ आणि एकच एक कर्ता कसा सिद्ध व्हावा? परम ईश्वरभक्त असलेल्या या आचार्यांनी ईश्वराच्या ज्ञानासाठी श्रुती हेच प्रमाण मानले. तर्काची मर्यादा दाखविणारा नास्तिकच असतो, हा समज यावरून खोटा ठरतो.

युरोपात इमॅन्युएल कांट याने १७८१ साली ‘शुद्ध बुद्धीची मीमांसा’ या ग्रंथात अशीच सीमारेषा आखली. कार्यकारणभावासारख्या कल्पना अनुभवाच्या क्षेत्रात समर्थ असतात. त्या क्षेत्राबाहेर त्या ज्ञान देऊ शकत नाहीत. म्हणून ईश्वराचे अस्तित्व सिद्ध करणे आणि त्याचे नास्तित्व सिद्ध करणे, ही दोन्ही कामे शुद्ध बुद्धीच्या आवाक्याबाहेरची ठरतात.

हाच प्रश्न १९४८ साली बीबीसीच्या नभोवाणीवर चर्चिला गेला. जेझुइट धर्मगुरू फ्रेडरिक कोपलस्टन यांचे म्हणणे, परावलंबी वस्तूंनी भरलेल्या विश्वाला स्वयंसिद्ध कारण असले पाहिजे. बर्ट्रांड रसेल यांचे उत्तर, प्रत्येक वस्तूला कारण असले म्हणून समग्र विश्वाला ते असलेच पाहिजे, असे निघत नाही. परंतु ईश्वराचे नास्तित्व सिद्ध करता येते काय, असे विचारताच रसेल यांनी नकार दिला आणि आपली भूमिका अज्ञेयवादाची असल्याचे सांगितले.

ज्ञानाच्या सर्वच सीमा कायमच्या नसतात. आधुनिक विज्ञान ज्यांना अणू म्हणते ते एके काळी केवळ अनुमानाचे विषय होते. १९८१ साली झुरिच येथे तयार झालेल्या सूक्ष्मदर्शकाने त्यांची रचना चित्रित करता येऊ लागली. साधनांची सीमा अशी मागे सरते. परंतु कांटने दाखविलेली सीमा साधनांची नसून विचाराचीच आहे. ती अधिक प्रभावी यंत्राने ओलांडता येणारी नव्हे.

या विवेकाचे मोल केवळ ग्रंथापुरते नाही. श्रद्धावान मनुष्य आपल्या श्रद्धेला सिद्ध ज्ञान म्हणू लागला, की न मानणारा त्याला हट्टी किंवा पापी वाटू लागतो. आणि नास्तिक आपल्या संशयाला निर्णय म्हणू लागला, की श्रद्धावान त्याला मूर्ख वाटतो. उदयन आणि धर्मकीर्ती यांचे पक्ष परस्परविरोधी होते, तरी कोणत्या पुराव्याने काय सिद्ध होते याचा नियम दोघांचा एकच होता. तो नियम पाळला गेला म्हणूनच त्यांच्या परंपरांमधील वाद शतकानुशतके चालू शकला, आणि त्या वादातून दोन्ही पक्षांचे तर्कशास्त्र समृद्ध झाले.