आंतरवासितेचे श्रेयांक
चित्रपट व दूरचित्रवाणीच्या अभ्यासात प्रत्यक्ष कामालाही श्रेयांक मिळतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने आंतरवासितेला पदवी अभ्यासक्रमात स्थान दिले. साधारण 30 तासांच्या कामाला 1 श्रेयांक. म्हणजे 4 श्रेयांकांसाठी 120 तास. काम सुरू करण्यापूर्वी महाविद्यालयाची मान्यता घ्यावी लागते.

भिवापूरच्या विद्यार्थ्याने नागपुरातील निर्मितीसंस्थेसोबत मिरचीवर माहितीपट केला, तर रोजनिशीत नेमकी नोंद हवी: सकाळी सातला सातऱ्यावरील, म्हणजे मिरची वाळवण्या-निवडण्याच्या जागेवरील, लाल मिरचीचे चित्रण, दुपारी शेतकऱ्याची मुलाखत, संध्याकाळी संकलन. रोजनिशी, अहवाल आणि संस्थेचे प्रमाणपत्र यांवरून मूल्यमापन होते. मिळालेले श्रेयांक विद्यार्थ्याच्या नावे शैक्षणिक श्रेयांक बँकेत जमा होतात.