‘हे आपले काम नव्हे’ या वाक्याचे ओझे



पायात लोखंडाची बेडी असेल तर ती डोळ्यांना दिसते, चालताना खुपते आणि तोडावीशी वाटते. मनातील बेडीचे तसे नाही. ती शब्दांनी घडलेली असते. ‘हे आपले काम नव्हे’, ‘आपल्या घराण्यात हे कोणी केलेले नाही’, ‘इंग्रजी कच्चे, मग शहरात निभाव कसा लागणार?’, ‘आता या वयात काय शिकायचे?’ ही वाक्ये घराघरांत इतक्या सहजतेने उच्चारली जातात की कालांतराने तीच सत्य वाटू लागतात. वाणिज्य शाखेचा पदवीधर यंत्रांच्या कारखान्याकडे वळूनही पाहत नाही. दहा वर्षे संसार सांभाळलेली सुशिक्षित सून आपण पुन्हा हिशेबतपासणीचे काम करू शकू, हे मानायलाच तयार नसते. त्यांना बाहेरून कोणी अडविलेले नसते. अडविणारा आतच बसलेला असतो.

या संदर्भात शेठ वालचंद हिराचंद यांचे चरित्र डोळसपणे पाहण्यासारखे आहे. २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथील जैन व्यापारी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घरचा व्यवसाय सावकारीचा व कापसाच्या व्यापाराचा. स्थापत्यशास्त्राची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. महाविद्यालयीन शिक्षणही अपुरेच राहिले. गादीवर बसून पिढीजात पेढी चालविणे हाच त्यांच्यासाठी ठरलेला मार्ग होता. परंतु रेल्वेत पूर्वी कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत त्यांनी लोहमार्ग बांधणीची कंत्राटे घेण्यास प्रारंभ केला. जे ज्ञान स्वतःजवळ नाही ते ज्याच्याजवळ आहे त्याला सोबत घ्यावे, ही त्यांची रीत होती. ‘मला येत नाही’ आणि ‘माझ्याने होणार नाही’ ही दोन भिन्न वाक्ये आहेत, हे त्यांनी ऐन तारुण्यातच ओळखले.

पुढे सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची ‘लॉयल्टी’ ही आगबोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाली. सागरी वाहतुकीवर इंग्रज कंपन्यांचे वर्चस्व असताना समुद्रापासून दूर असलेल्या सोलापूरच्या व्यापाऱ्याने नरोत्तम मोरारजी प्रभृती सहकाऱ्यांसह हे साहस केले. आज ५ एप्रिल हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. मात्र पुढची हकिगतही सांगितली पाहिजे. ती बोट किफायतशीर ठरली नाही आणि १९२३ मध्ये मोडीत निघाली. एखाद्याने तेथेच ‘हे आपले काम नव्हेच’ असा निष्कर्ष काढला असता. वालचंदांनी तो काढला नाही. १९४० मध्ये बंगळूर येथे विमानांचा कारखाना, १९४१ मध्ये विशाखापट्टणम येथे जहाजबांधणीचा पाया, १९४४ मध्ये मोटारींची कंपनी असा त्यांचा प्रवास चालूच राहिला. विशाखापट्टणमच्या गोदीत बांधलेल्या ‘जलउषा’ या जहाजाचे जलावतरण १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. विमानांचा कारखाना व जहाजांची गोदी कालांतराने सरकारकडे गेली. तथापि एका व्यापाऱ्याने घेतलेल्या पुढाकारातून देशाला दोन मोठे उद्योग लाभले.

योगायोग असा की त्याच १९१९ साली कराडजवळील काले येथे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. कुंभोजच्या शेतकरी जैन कुटुंबातील भाऊरावांचे स्वतःचे शालेय शिक्षण पुरे झाले नव्हते. त्यांनी शिकवण्या केल्या, किर्लोस्करांचे नांगर खपविण्यासाठी गावोगाव पायपीट केली. ज्याचे शिक्षण अपुरे त्याने शिक्षणसंस्था काढावी, ही गोष्ट अनेकांना विपरीतच वाटली असेल. पण नांगर विकताना पाहिलेली खेड्यांतील मुलांची अवस्था हीच त्यांची पाठशाळा ठरली. वसतिगृहातील मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. शिकणाऱ्याने हाताने राबणे कमीपणाचे, ही समजूत त्यांच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेने हजारो मुलांच्या मनातून पुसून टाकली.

आधुनिक मानसशास्त्रानेही या विषयाचा विचार केला आहे. आल्बर्ट बांडुरा या शास्त्रज्ञाने १९७७ मध्ये आत्मक्षमतेवरील विश्वासाची मीमांसा मांडली. त्याच्या मते हा विश्वास चार वाटांनी येतो: स्वतः पार पाडलेले काम, आपल्यासारख्याच माणसाला यशस्वी होताना पाहणे, विश्वासू व्यक्तीचे प्रोत्साहन आणि स्वतःच्या शरीर-मनातील भीती ओळखून ती शांत करणे. यांत पहिली वाट सर्वांत बळकट. म्हणजे धीर आधी येऊन मग काम होत नाही. लहान काम पुरे झाले की त्यातून धीर उपजतो.

याचा प्रत्यय कापड बाजाराने घेतला आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला. तोवर कापडाच्या व्यापाराला अशा कराची व विवरणपत्रांची फारशी सवय नव्हती. ‘वहीखाते सोडून संगणक? या वयात अशक्य!’ असे म्हणणारे साठी गाठलेले अनेक दुकानदार होते. त्यांतील कित्येकांनी प्रथम एक बिल, मग दिवसाची बिले, मग महिन्याचे विवरण, अशी पायरी-पायरीने ती विद्या आत्मसात केली. बुद्धी तीच, बोटे तीच. बदलली ती केवळ समजूत.

येथे एक शंका रास्त आहे. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे वाडवडिलांचे सांगणे चुकीचे काय? मुळीच नाही. भांडवलाची, प्रकृतीची, कुटुंबाच्या जबाबदारीची मर्यादा खरी असते व तिचा मान राखलाच पाहिजे. परंतु त्या म्हणीतील ‘पाहून’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कापडाला गज न लावताच ‘कमी पडेल’ म्हणणाऱ्या शिंप्याला कोणी शहाणा म्हणत नाही. मोजून कळलेली मर्यादा म्हणजे विवेक. न मोजता मानलेली मर्यादा म्हणजे भय.

अनेकांताची शिकवण लाभलेल्या समाजाने तरी हे विसरू नये. वस्तूचे एकच अंग पाहून निर्णय देऊ नये, हे तत्त्व इतरांविषयी आठवते. स्वतःविषयी निवाडा देताना मात्र माणूस एकाच अपयशाकडे बोट दाखवितो. एका दिवसाचा रोजमेळ म्हणजे वर्षाचा ताळेबंद नव्हे, हे प्रत्येक व्यापारी जाणतो. मग परीक्षेतील एक नापास शेरा किंवा धंद्यातील एक खोट आयुष्याचा ताळेबंद कशी ठरेल?

वडीलधाऱ्यांवर याची विशेष जबाबदारी आहे. मुलगी म्हणाली, ‘मला प्रयोगशाळेत काम करायचे आहे’, किंवा मुलगा म्हणाला, ‘मला दुकानाऐवजी शेतीत काही करून पाहायचे आहे’, तर ‘हे आपले काम नव्हे’ हे वाक्य ओठांवर येण्यापूर्वी क्षणभर थांबावे. त्याऐवजी विचारावे, ‘सुरुवातीचे लहान पाऊल कोणते? ते कधी टाकणार? त्यात कोणाची मदत हवी?’ पेढी, घर, दागिने यांचा वारसा देताना घरातील वडीलधारे कागदपत्रे काटेकोरपणे तपासतात. मनातील जुन्या भीतीचा वारसा मात्र न तपासताच पुढील पिढीच्या हाती जातो. तो तेवढा येथेच थांबावा, एवढीच या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने सर्वांना नम्र विनंती.