बाळाला शी होत नाही, तेव्हा दोष कोणाचा?

(महिला आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आजचा विषय तान्ह्या बाळाच्या शीचा आहे. हसू नका. बाळंतिणीच्या खोलीत याच विषयावर सगळ्यात जास्त बोललं जातं, आणि बहुतेक वेळा त्याचा शेवट बाळंतिणीला बोल लावण्यात होतो. बाळाचं पोट फुगलं, शी झाली नाही, की पहिला प्रश्न, 'तू काय खाल्लंस?' हरभऱ्याची डाळ खाल्ली असशील, गार पाणी प्यायली असशील, तुझं दूधच जड आहे. मग विड्याच्या पानाचा देठ, एरंडेल, घुटी. पण बाळाच्या आतड्यात नेमकं काय चाललंय, हे त्या बाईला कोणी सांगत नाही. ते आज समजून घेऊ.

आपल्या आतड्याला स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं असतं. त्यात १० कोटींहून जास्त पेशी असतात. आतडं कुठे आवळायचं, कुठे सैल सोडायचं, हे बरंचसं हे जाळंच ठरवतं. दर वेळी मेंदूला विचारत नाही. गर्भ साधारण ४ आठवड्यांचा असताना या पेशी मानेच्या बाजूने निघतात आणि ७व्या आठवड्याच्या सुमारास आतड्याच्या शेवटापर्यंत पोचतात. काही बाळांत त्या शेवटपर्यंत पोचत नाहीत. तेवढा भाग आवळलेलाच राहतो आणि शी अडते. या आजाराला हर्षस्प्रुंगचा आजार म्हणतात. साधारण ५,००० बाळांमागे एकाला तो असतो आणि त्यावर शस्त्रक्रिया करता येते. आईने खाल्लेल्या डाळीचा त्याच्याशी काही संबंध नाही.

पेशी जागेवर पोचल्या म्हणजे काम संपलं असं नाही. त्या पक्व व्हायला हव्यात, स्नायूंशी त्यांचा मेळ बसायला हवा. हे जन्मानंतरही चालू राहतं. मज्जासंस्थेच्या या वाढीला आणि आतड्याच्या हालचालीला थायरॉइडचं हार्मोन लागतं. गळ्यातली ही छोटी ग्रंथी आयोडीन वापरून ते बनवते. त्याची ताकद बघायची तर बेडकाच्या पिल्लाकडे बघा. शेवाळ खाणाऱ्या पिल्लाचं लांबलचक आतडं बेडूक होताना आखडतं आणि नव्याने घडतं, ते याच हार्मोनमुळे. गुडेरनाच या शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये पिल्लांना घोड्याची थायरॉइड ग्रंथी खायला घातली, तर ती वेळेआधीच बेडूक व्हायला लागली.

माणसाच्या गर्भाची स्वतःची ग्रंथी साधारण १२व्या आठवड्यापासून हार्मोन बनवू लागते, पण पुरेसं बनायला १८ ते २० आठवडे उजाडतात. तोवर वारेतून येणाऱ्या आईच्या हार्मोनवर भिस्त असते. पुढेही त्यातलं थोडं येत राहतं. म्हणून ज्या बाळाची ग्रंथी तयारच झाली नाही, तेही जन्मताना धडधाकट दिसतं. नंतर हळूहळू खुणा दिसतात. पहिली काळी शी उशिरा होते, पोट फुगतं, बेंबी बाहेर येते, कावीळ रेंगाळते. बाळ फार झोपतं, कमी रडतं. आणि घरातले कौतुक करतात, 'किती गुणी बाळ आहे, त्रास म्हणून नाही!' त्याच दिवसांत त्याच्या मेंदूची वाढ खुंटत असते. औषध सुरू झालं की आतडं कामाला लागतं, पण मेंदूच्या वाढीचे गेलेले दिवस भरून येत नाहीत.

म्हणजे पोटाची तक्रार ही कधी कधी हाक असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत साधारण १,१०० बाळांमागे एकाला हा दोष आढळला. जन्मानंतर ४८ ते ७२ तासांत टाचेला टोचून रक्ताचे थेंब घेतले की तो कळतो. पहिल्या दोन आठवड्यांत थायरॉक्सिनची गोळी सुरू झाली, तर बहुतेक मुलं इतरांसारखीच वाढतात. गोळी स्वस्त आहे, रोज द्यायची असते. कॅनडात १९७० च्या दशकात ही तपासणी सुरू झाली. गोव्याने २००८ मध्ये सरकारी पातळीवर ती हाती घेतली, केरळनेही घेतली. मग आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात ती का होऊ नये, हा प्रश्न आपण विचारायला हवा.

एक सावधगिरी. अंगावर पिणारं बाळ महिना-दीड महिन्याचं झालं की चार-पाच दिवस शी करत नाही, आणि मऊ शी होत असेल, वजन वाढत असेल तर त्यात आजार नसतो. उगाच घाबरवू नका. पण पहिली काळी शी ४८ तासांत झाली नाही, पोट टम्म झालं किंवा हिरवी उलटी झाली, तर देठ-एरंडेल न करता लगेच रुग्णालय गाठायचं.

आणखी एक. 'तू काय खाल्लंस'च्या जागी आता 'तुझ्याच थायरॉइडमुळे झालं' असा नवा ठपका यायला नको. बहुतेक वेळा बाळाची ग्रंथीच नीट घडलेली नसते, त्यात आईचा काही दोष नसतो. आयोडीनही एकटीच्या हातात नसतं. गरोदर बाईला रोज २५० मायक्रोग्रॅम लागतं, ते मिठातून मिळायचं तर मीठ तसं बनायला आणि दुकानात यायला हवं. बिनआयोडीनच्या खाण्याच्या मिठावरची देशव्यापी बंदी सरकारने २००० मध्ये उठवली आणि २००६ मध्ये पुन्हा लागू केली. हे निर्णय स्वयंपाकघरात झाले नाहीत.

शेवटी बाईबद्दल. थायरॉइडचे आजार पुरुषांपेक्षा बायकांत कितीतरी पटीने जास्त आहेत. थकवा, बद्धकोष्ठ, अंगावर सूज, पाळीची गडबड, हे सगळं 'आळशी आहे' म्हणून उडवलं जातं. तपासणी होते ती दिवस गेल्यावर, बाळासाठी. ती बाईला बाईसाठीही मिळाली पाहिजे.

परत गेल्यावर आपल्या गटात एवढं करा. जवळच्या प्रसूतिगृहात टाचेची तपासणी होते का, विचारा. होत नसेल तर लेखी मागणी द्या आणि उत्तर लेखीच मागा. आणि पुढच्या बाळंतिणीला 'काय खाल्लंस' असं कोणी विचारलं, तर तिच्या बाजूने बोला.