दुसऱ्या घरची बेगमी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला दहा मिनिटे दिली आहेत आणि माझ्यानंतर पन्हे आहे, तेव्हा सरळ विषयावर येते. उन्हाळ्यात आपले मंडळ धान्य गोळा करते, ते कशासाठी आणि कसे करावे, एवढेच मला सांगायचे आहे.

पाडवा झाला की आपल्या पेणच्या गच्च्या आणि अंगणे भरू लागतात. पापडांचे तर आपल्या गावाला नावच आहे. मसाला कुटून येतो, सांडगे, कुरडया, आमसुले होतात, ज्यांच्याकडे चालते त्यांच्याकडे सुकट-बोंबील येतात. मृग लागायच्या आत चार महिन्यांचे घरात आले पाहिजे, ही आपल्या सासवांची शिस्त. त्याच दिवसांत बाजारात टोपल्या घेऊन बसणाऱ्या कातकरी बायांकडून आपण करवंदे, जांभळे घेतो, आणि पहिला पाऊस पडला की शेवळे. एका वाट्यासाठी घासाघीस करतो. मीही करते. त्या बाईच्या घरी मिरगाची बेगमी नसते, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आले.

कसे आले ते सांगते. पहिल्या वर्षी आम्ही मे महिन्यातल्या एका रविवारी घरोघर फिरून धान्य जमवले आणि तसेच टेम्पोत घालून एका वाडीवर नेले. पाहतो तो निम्म्याहून अधिक घरांना कड्या. एका ओट्यावर म्हातारी बसलेली आणि पुढे दोन शेळ्या. बाकीची माणसे वीटभट्टीवर. दिवाळीनंतर जातात ती पावसाच्या तोंडाशी परततात, पोराबाळांसकट. म्हातारीने पोती पाहिली आणि म्हणाली, "आता कशाला आणलंत? आखाडात आणा."

पोती परत आली आणि एकीच्या माळ्यावर चढली. जुलैत उघडली तेव्हा गव्हात सोनकिडे आणि तांदळात जाळी. चूक माळ्याची नव्हती. डबे आवरताना जे मागे राहिलेले निघाले ते आपण दिले होते, आणि ऐंशी घरांचे नवे-जुने एकाच पोत्यात ओतले होते. त्यात माझ्या घरचे मागच्या वर्षीचे मसूरही होते, हे इथे कबूल करते.

आखाडच का, हे पुढे त्या वाडीवर चार वेळा जाऊन कळले. दुष्काळ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मराठवाड्याची भेगाळलेली जमीन येते. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही शाळेतले जेवण चालू ठेवायला सांगितले होते, ते योग्यच झाले. पण आपल्या रायगडात वर्षाला तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि आपल्याकडची उपासमार याच पावसात येते. भट्ट्या बंद, लावणीची मजुरी थोड्या दिवसांची, पुढे झड लागली की हाताला काम नाही. टाकळा, कुर्डू, करांदे, ओढ्यातले खेकडे यांवर दिवस काढायचे. मग घरधनी मुकादमाकडे जातो आणि पुढच्या हंगामाची उचल घेतो. उचल घेतली की दिवाळीनंतर सगळ्या घराने भट्टीवर जायचे. पोरीची शाळा तिथेच सुटते. सरकारने कातकऱ्यांना अतिअसुरक्षित जमातींत गणले आहे. त्यामागे जी अनेक कारणे आहेत, त्यांतले हे एक मला डोळ्यांनी दिसले.

आता आपल्या मुठीचा हिशेब करू. मूठभर तांदूळ म्हणजे साधारण पन्नास ग्रॅम. पाडव्यापासून दोन महिने रोज एक मूठ बाजूला काढली तर घरामागे तीन किलो, ऐंशी घरांचे दोनशे चाळीस. तीस घरांच्या वाडीला वाटले तर घरटी आठ किलो. पाच माणसांच्या घराला चार दिवस, फार तर पाच. एवढ्याने उचल थांबेल असे मी म्हणणार नाही. पण वाडीतल्या एका मावशींनी मला सांगितले, "मुकादमाकडं जायचं ते झडीच्या आठवड्यात. तो आठवडा निघाला की उन्हं पडतात, काहीतरी मिळतं." आपले चार दिवस त्या आठवड्यात पडले पाहिजेत. जूनमध्ये फोटो काढून मोकळे होण्यात अर्थ नाही.

ही मूठ काही मी शोधलेली नाही. विनोबांचा जन्म आपल्याच तालुक्यातल्या गागोद्याचा, ११ सप्टेंबर १८९५ चा. भूदानानंतर त्यांनी घरोघर सर्वोदय पात्र ठेवायला सांगितले, आणि त्यात रोजची मूठ घरातल्या लहान मुलाच्या हाताने पडावी असा त्यांचा आग्रह होता. मूल रोज विचारते, आज टाकली का? मोठी माणसे विसरतात. माझ्या नातवाने दोनदा टाकली, कारण एकदा टाकल्याचे तो विसरला. आम्ही ती काढून घेतली नाही.

तर यंदा असे करू. गहू नको, तिकडे चूल भाताची आहे. आपण खातो तोच तांदूळ द्यायचा, नवा-जुना एकत्र करायचा नाही, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालायचा. तूरडाळ, गोडे तेल, मीठ आणि तिखट हे पैसे काढून एकदम घ्यायचे. मावशींनी जवळाही मागितला आहे. ज्यांच्या घरी मासळी चालत नाही त्यांनी तेलाची वर्गणी द्यावी, जवळ्याचे बाकीच्या पाहतील. यावर मागच्या सभेत पाऊण तास गेला, तो पुन्हा घालवू नये. वाटप वाडीतल्या बायाच करतील, यादी त्यांची असेल. आपण पोती उतरवून चहा घेऊन यायचे.

आणखी एक काम धान्याहून मोठे आहे. अंत्योदय कार्डावर घरामागे महिना ३५ किलो धान्य मिळते, २०२३ पासून ते मोफत आहे. पण गेल्या वर्षी वाडीतल्या सात घरांकडे कार्डच नव्हते, आणि काहींच्या कार्डावर मुलांची नावे चढलेली नव्हती. आपल्यातल्या ज्या तहसील कचेरीत नोकरी करून निवृत्त झाल्या आहेत, त्यांनी अर्ज भरून दिले. तीन घरांची कार्डे झाली, चार राहिली. ती चार मृगाच्या आधी व्हायला हवीत. माणसे भट्टीवरून मेअखेर येतात, म्हणजे हातात पंधरा दिवसही नाहीत. कागद आतापासून जुळवावे लागतील. कोण येणार ते मला आजच सांगा.

डबे दाराजवळच्या बाकावर ठेवले आहेत. जाताना एकेक न्या. निळ्या झाकणाचे थोडे सैल बसतात, ते मुंग्यांपासून जपा.