मैदानी खेळांत शरीरसामर्थ्य आणि तंत्र यांची सांगड



बहुतेक शाळांच्या मैदानांवर एक दृश्य नेहमी दिसते. सकाळी मुले मैदानाला फेऱ्या मारतात, दंड-बैठका काढतात. सायंकाळी तीच मुले लांब उडीच्या हौदापाशी किंवा गोळाफेकीच्या वर्तुळापाशी रांगेने उभी राहतात. सकाळच्या मेहनतीचा सायंकाळच्या शिक्षणाशी काय संबंध, हे सहसा कोणी विचारीत नाही. शरीर घडविण्याचे काम एकाकडे आणि तंत्र शिकविण्याचे दुसऱ्याकडे, अशा एकाच घरात दोन चुली मांडल्या जातात. यात नुकसान होते ते मुलांचे. काही थकून खेळ सोडतात, काही दुखापतीने मागे पडतात. दोन्ही चुली एक कशा कराव्यात, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

महाराष्ट्रापुढे हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच उभा राहिला होता. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडामेळाव्यात सर दोराबजी टाटा यांनी शेतकरी तरुणांना अनवाणी धावताना पाहिले. त्यांचा दम युरोपातील धावपटूंच्या तोडीचा होता; शास्त्रशुद्ध शिक्षणाचा मात्र अभाव होता. त्यातूनच १९२० साली अँटवर्प ऑलिंपिकसाठी भारतीय पथक पाठविण्यात आले. त्या पथकातील बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. ग्रामीण भागात दमाची वाण कधीच नव्हती. त्या दमाला तंत्राची जोड देणारी व्यवस्था तेवढी हवी होती.

ही जोड मिळाल्यावर काय घडते, याचे उत्तम उदाहरण ३००० मीटर स्टीपलचेस या शर्यतीत सापडते. या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या, म्हणजे एकूण ३५ वेळा धावपटूला अडथळा पार करावा लागतो. प्रत्येक अडथळ्यावर केवळ अर्धा सेकंद वाया गेला, तरी शेवटी साडेसतरा सेकंदांचा तोटा होतो. एवढा तोटा नुसत्या दमाच्या बळावर भरून निघत नाही. उलट तंत्र कितीही सुबक असले, तरी अखेरच्या फेरीत पाय जड झाल्यावर तेच तंत्र विस्कटते.

सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याच्या ललिता बाबर प्रथम मॅरेथॉन धावत असत. पुढे त्या स्टीपलचेसकडे वळल्या आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठून दहाव्या आल्या. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडवा गावचे अविनाश साबळे सैन्यात दाखल झाल्यावर क्रॉसकंट्री धावू लागले. स्टीपलचेसचे शिक्षण त्यांना त्यानंतर मिळाले. २०१८ साली भुवनेश्वर येथे त्यांनी ८ मिनिटे २९.८० सेकंद अशी वेळ देऊन १९८१ पासून टिकून असलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक आणि २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. जुलै २०२४ मध्ये पॅरिस येथे त्यांनी आपला विक्रम ८ मिनिटे ९.९१ सेकंदांवर नेला. सहा वर्षांत जवळजवळ वीस सेकंदांची ही प्रगती दम आणि तंत्र एकत्र वाढल्याखेरीज संभवत नाही. पुढे जुलै २०२५ मध्ये मोनॅको येथे पाण्याच्या उडीवर याच खेळाडूच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली. अडथळ्यावरून उतरताना गुडघ्यावर केवढा भार येतो, हे त्यावरून ध्यानात यावे. तयार खेळाडूची ही गत, तर तयारीविना अडथळ्यावर धाडलेल्या शाळकरी मुलांची काळजी किती घ्यावयास हवी, हे वेगळे सांगावयास नको.

तंत्रातील दोषाचे मूळ पुष्कळदा शरीराच्या दुर्बलतेत असते. महिलांच्या १०० मीटर अडथळा शर्यतीत दोन अडथळ्यांमध्ये ८.५ मीटर अंतर असते आणि ते तीन पावलांत काटावयाचे असते. जिच्या पायांत पुरेसा जोर नाही, ती मुलगी पाऊल ओढून टाकते. तिचा तोल जातो आणि पुढचा अडथळा तिला फार जवळ किंवा फार दूर पडतो. शिक्षकाने ‘पाऊल नीट टाक’ असे शंभरदा बजावले, तरी उपयोग होत नाही. काय करावयाचे ते तिला ठाऊक असते; करण्याचे बळ तिच्यापाशी नसते. भालाफेकीतही तेच घडते. फेकीची ताकद पायांतून कमरेत, कमरेतून खांद्यात आणि खांद्यातून हातात जाते. अखेरच्या क्षणी पुढचा पाय खांबासारखा ताठ राहिला तरच ती भाल्यापर्यंत पोहोचते. तो गुडघा वाकला की ताकद वाटेतच विरते. अशा मुलाला जास्त भाले फेकावयास लावून दोष जात नाही. आधी एका पायाच्या उड्या आणि पायऱ्यांचे व्यायाम देऊन तो पाय मजबूत करावा, आणि त्याच दिवशी हलक्या चेंडूने फेकीची कृती करून घ्यावी. नवे बळ अशा रीतीने तंत्रात उतरते.

याच विचाराला जगातील श्रेष्ठ प्रशिक्षकांनी शास्त्राचे रूप दिले. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये हातोडाफेकीचे सुवर्णपदक जिंकणारे अनातोली बोंदारचुक पुढे प्रशिक्षक झाले. त्यांनी सामान्य व्यायाम आणि प्रत्यक्ष क्रीडाप्रकाराशी जुळणारा विशेष व्यायाम यांतील भेद स्पष्ट केला, आणि नेहमीपेक्षा जड व हलक्या हातोड्यांच्या फेकींना सरावात मोठे स्थान दिले. बळाची वाढ आणि तंत्राचा सराव त्यामुळे एकाच कृतीत साधू लागले. त्यांचे शिष्य युरी सेदिख यांनी १९८६ साली नोंदविलेला ८६.७४ मीटरचा जागतिक विक्रम आजवर मोडला गेलेला नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पहिला नियम क्रमाचा आहे. अंग तापविल्यानंतर, शरीर व मन ताजे असताना तंत्र शिकवावे. त्यानंतर वेगाचे व बळाचे व्यायाम द्यावेत आणि दमाची धाव शेवटी ठेवावी. दहा फेऱ्या मारून थकलेल्या मुलाला उडी शिकविली, तर तो चुकीची उडीच अंगवळणी पाडून घेतो. तंत्र पक्के झाल्यावर मात्र ते थकव्यातही टिकते की नाही, हे अधूनमधून तपासावे. स्टीपलचेसच्या धावपटूला तर ही सवय अवश्य हवी. दुसरा नियम विश्रांतीचा आहे. जोराच्या दिवसानंतर हलका दिवस असावा. तिसरा नियम वयाचा आहे. लहान मुलांना लोखंडी वजने देण्याऐवजी स्वतःच्या शरीराचे वजन पेलण्याचे व्यायाम द्यावेत.

यासाठी महागड्या साधनांची गरज नाही. तिहेरी उडीचा पहिला टप्पा ज्या पायावर उडी घेतली त्याच पायावर उतरण्याचा असतो. लंगडी खेळणाऱ्या मुलीला ही हालचाल आधीच अवगत असते. खो-खोतील झटकन उठून दिशा बदलणे वेगवान सुरुवातीची तयारी करून देते. मल्लखांबाने खांदे व पोट मजबूत होतात, सूर्यनमस्काराने लवचिकता येते. १९१४ साली स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने देशी व्यायामाची परंपरा विदर्भात रुजविली आहे. तिला मैदानी खेळांशी डोळसपणे जोडणे हे शिक्षकांचे काम होय. नाशिक जिल्ह्यातील सर्वेश कुशारे यांनी उंच उडीचा आरंभीचा सराव गावातच, मक्याच्या भुशाच्या गादीवर केला. २०२५ साली टोकियो येथील जागतिक स्पर्धेत २.२८ मीटर उडी घेऊन ते सहावे आले. साधनांच्या अभावी शिक्षण अडून राहू नये, हाच त्याचा बोध होय.

नागपूर विभागाला मात्र आपल्या हवामानाचा व मातीचा वेगळा विचार करावा लागेल. मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांपलीकडे जातो. म्हणून उन्हाळ्यातील सराव सूर्य वर येण्यापूर्वी संपवावा आणि पिण्याचे पाणी मैदानावरच ठेवावे. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसाळ्यात तिचा चिखल होतो. अशा जमिनीवरील धाव घोट्याला धोक्याची ठरते. शालेय स्पर्धांचा हंगाम तर पावसाळ्यातच सुरू होतो. तेव्हा पावसाच्या दिवसांत ओसरीत किंवा सभागृहात बळाचे व्यायाम आणि पावलांची तंत्रकृती यांचा मेळ घालावा. ग्रामपंचायतीने मुरूम टाकून दाबलेली शंभर मीटरची एक पट्टी, वाळूचा एक हौद आणि पाण्याची सोय एवढे केले, तरी गावातील मुलांना वर्षभर सराव करता येईल. नागपुरात मानकापूरला विभागीय क्रीडा संकुल आहे. परंतु गडचिरोली किंवा गोंदियाच्या मुलाची पहिली पावले त्याच्या गावातच पडणार, हे विसरून चालणार नाही.

शेवटची सूचना नोंदींची आहे. क्रीडा प्रबोधिनीच्या निवडचाचण्यांत ३० मीटर धाव, उभी लांब उडी, मेडिसिन बॉल फेक, शटल रन आणि ८०० मीटर धाव यांचा समावेश असतो. याच चाचण्या शाळेने दर दोन महिन्यांनी घ्याव्यात आणि त्यांचे आकडे मुलाच्या क्रीडाप्रकारातील कामगिरीशेजारी एकाच वहीत लिहावेत. उभी उडी वाढली, पण धावती लांब उडी वाढली नाही, तर तंत्र तपासावे. दोन्ही खुंटल्या, तर व्यायाम, आहार आणि विश्रांती तपासावी. शारीरिक शिक्षक व प्रशिक्षक वेगळे असले, तरी वही एकच असावी. अधिकाऱ्यांनीही शाळेला भेट देताना किती पदके मिळाली, याबरोबर ही वही पाहावी. तिच्या पानांवरून एखाद्या मुलीचे पाऊल कोठे अडले आहे, हे वेळीच कळेल, आणि दुखापतीने किंवा निराशेने मैदान सोडण्यापूर्वी तिला सावरता येईल.